सिमेंटच्या गोदामातील वायरलेस सेन्सर: यंत्र चुकले की जागा?

प्रश्न (बांधकाम साहित्य विक्रेता, लातूर जिल्हा)

आमच्या पत्र्याच्या गोदामात सिमेंटच्या सुमारे 800 गोण्या असतात. गेल्या सप्टेंबरात परतीचा पाऊस आठवडाभर लागून राहिला, तेव्हा मागच्या भिंतीकडील थप्पीच्या खालच्या गोण्यांमध्ये सिमेंटचे गोळे झाले. वायफायवर चालणारे दोन आर्द्रता सेन्सर छताच्या कैचीला टांगलेले असूनही मोबाइलवर एकही इशारा आला नाही. शिवाय वीज गेली की राउटर बंद पडतो आणि रात्रीच्या नोंदी मिळतच नाहीत. नवे सेन्सर घ्यावेत काय?

उत्तर (साइट अभियंता, परभणी)

सेन्सर बहुधा ठीक असावेत. सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी किती टक्के बाष्प आहे तो आकडा, तापमानावर अवलंबून असते. पत्र्याखाली 30 अंश तापमानाला 60 टक्के दाखवणारी हवा थंड फरशीलगत 24 अंशांवर आली, की बाष्प तेवढेच राहूनही आर्द्रता 85 टक्क्यांच्या आसपास जाते, आणि एखादा पृष्ठभाग सुमारे 21 अंशांपर्यंत उतरला तर त्यावर दवच धरते. म्हणून एक सेन्सर भिंतीकडील थप्पीमागे, खालून दुसऱ्या थराच्या उंचीवर ठेवावा आणि एक बाहेर वळचणीला लावावा. दोन्हींच्या दवबिंदूंची (ज्या तापमानाला दव धरू लागते त्याची) तुलना केल्याशिवाय पावसाळ्यात ‘हवा खेळू द्या’ म्हणून दारे उघडू नयेत, कारण बाहेरची हवा अधिक दमट असेल तर आपणच ओल आत घेतो.

बांधकाम साहित्य साठवण्याच्या आयएस 4082 या भारतीय मानकानुसार थप्पी जमिनीपासून 150 ते 200 मिलिमीटर उंच फळ्यांवर, बाहेरच्या भिंतीपासून किमान 450 मिलिमीटर दूर आणि फार तर दहा गोण्या उंच असावी. आपली तशी आहे काय?

उत्तर (इलेक्ट्रॉनिक्स व्यावसायिक, छत्रपती संभाजीनगर)

विजेच्या अडचणीवर बॅटरीवरील लोरा (कमी विजेत दूरवर संदेश पाठवणारे रेडिओ तंत्र) सेन्सर सोयीचे पडतात. आपल्याकडे 865 ते 868 मेगाहर्ट्झ हा पट्टा परवानामुक्त असून लांब गोदामात त्याचा पल्ला वायफायपेक्षा बराच जास्त मिळतो. मात्र पत्रा कोणत्याही लहरी अडवतो, त्यामुळे गेटवे (सेन्सरचे संदेश घेऊन इंटरनेटवर पाठवणारे यंत्र) आतच ठेवून इन्व्हर्टरवर घ्यावा. संपर्क तुटला तरी नोंदी स्वतःच्या स्मृतीत साठवणारेच सेन्सर निवडावेत. माझ्या मते हा गुण अचूकतेच्या दशांशापेक्षा मोलाचा आहे.

जुने सेन्सर फेकण्यापूर्वी घरच्या घरी तपासता येतील. झाकणाच्या बरणीत मीठ थोड्या पाण्याने ओलसर करून, त्याला न टेकवता सेन्सर रात्रभर बंद ठेवावा. आकडा 75 टक्क्यांच्या आसपास यायला हवा.

उत्तर (कंत्राटदार, बीड)

यंत्राला माझा विरोध नाही, परंतु थप्पीवर टपकणारा एखादा नटबोल्ट आर्द्रतेच्या आकड्यात दिसत नाही; पावसाळ्यापूर्वी पत्रे तपासावेच लागतात. गोणीवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेले असते, त्यावरून आधीचा माल आधी काढावा. तीन महिन्यांवरील सिमेंट आम्ही चाचणीशिवाय स्लॅबला वापरत नाही.

प्रश्नकर्ता

थप्पी भिंतीला टेकलेलीच होती, हे मान्य करतो. मिठाच्या बरणीत एका सेन्सरने 74 आणि दुसऱ्याने 77 दाखवले. पहिला थप्पीमागे ठेवला, तर आज पहाटे वर 63 आणि खाली 86 टक्के अशी नोंद मिळाली. हमालांना बोलावून थप्पी दीड फूट पुढे घेण्याचे काम सुरू केले आहे.