नऊ वर्षांचा मुलगा घरीच शिकतोय, पण मागे लागल्याशिवाय वही उघडत नाही

लोकमान्यनगरची_आई (इंदूर)

नमस्कार. मुलगा नऊ वर्षांचा आहे, जूनपासून शाळेत न जाता घरीच शिकतो. घरात मराठी, खाली खेळायला गेला की हिंदी, पुस्तकं इंग्रजी. सकाळी नऊ ते बारा अभ्यासाची वेळ. पहिला महिना छान गेला, आता नोव्हेंबरात वही उघडायलाच अर्धा तास जातो. दहा स्टार झाले की बक्षीस, असा तक्ता लावला होता. तीन आठवडे चालला, मग "आज मला स्टार नकोच" म्हणून मोकळा झाला. तीन अंकी वजाबाकी आली की रडारड, २५ उदाहरणं दिली तर जेमतेम ५ होतात. हिंदी भराभर वाचतो, मराठी पुस्तक मात्र दोन ओळींत मिटतो. रोज नेमकं काय आणि किती करून घ्यावं, हे कुणी सविस्तर सांगेल का?

पाटी_पेन्सिल

ताई, आधी तक्ता काढून टाका. "आज स्टार नको" हे मुलाचं उत्तर अगदी बरोबर आहे. स्टारसाठी अभ्यास असा सौदा झाला की ज्या दिवशी स्टार नको, त्या दिवशी अभ्यासही नको. अमेरिकेत १९७३ साली याचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. ज्या लहान मुलांना चित्रं काढायला मुळातच आवडत होतं, त्यांतल्या काहींना "चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल" असं आधी सांगितलं. पुढे मोकळ्या वेळात ही मुलं बाकीच्यांच्या निम्माच वेळ चित्रं काढत होती. ज्यांना तेच प्रमाणपत्र न सांगता अचानक दिलं, त्यांचं असं झालं नाही. तेव्हा काम झाल्यावर मनापासून दिलेली शाबासकी चालेल, आधी ठरवलेली बोली नको.

दुसरं म्हणजे वेळ. नऊ वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा सलग बसवणं जास्त होतं. समोर एकच मूल असताना शाळेइतके तास लागतही नाहीत. तीन बैठका करा, प्रत्येकी २० मिनिटांच्या, मध्ये १५ मिनिटं सुट्टी. सुट्टीत अंग हललं पाहिजे: जिने, दोरीच्या उड्या, झाडांना पाणी. मोबाइल दिलात तर पंधराची चाळीस मिनिटं होतात आणि परत बसवताना पुन्हा भांडण. बाराच्या आत सगळं आटोपेल. दुपारचं वाचन, चित्रं, स्वयंपाकघरातली मोजमापं वेगळी, ती या हिशेबात धरू नका.

आता "वही उघडत नाही" याबद्दल. मूल बहुतेक वेळा अभ्यासाला नाही, सुरुवातीला अडतं. समोर किती काम आहे आणि ते कधी संपणार हेच त्याला माहीत नसतं. त्यासाठी रात्री झोपण्यापूर्वी एका ताटात दुसऱ्या दिवशीचं सगळं मांडून ठेवा: उघडं पान, टोक केलेली पेन्सिल, खोडरबर आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर "गणित" एवढंच लिहू नका, "पान ४१, उदाहरणं १ ते ८" असं लिहा. पहिलं काम दोन मिनिटांत होणारं आणि त्याला नक्की येणारं हवं. तीन बैठकांचा क्रम त्याने ठरवावा, कुठे बसायचं तेही त्यानेच: ओटला, गच्ची, जेवणाचं टेबल. करायचं की नाही, एवढं मात्र त्याच्यावर सोडू नका. "आज अभ्यास करायचा का?" असा प्रश्नच घरात विचारला जाऊ नये, कारण त्याने "नाही" म्हटलं की तुम्हाला ते मोडावं लागतं.

आणि वीस मिनिटांची घंटी वाजली की थांबायचं, आठांतली पाचच झाली असली तरी. सगळ्यात जास्त घरांत इथेच बिघडतं. मूल पटकन करतं, आई म्हणते "वा, लवकर झालं, अजून चार घे". दोनदा असं झालं की ते शिकतं: लवकर केलं तर काम वाढतं, तेव्हा रेंगाळा. त्यामुळे शब्द पाळायचाच. उरलेली तीन उद्याच्या ताटात.

गणिताचा_नाद_सुदामानगर

ताई, २५ उदाहरणं देऊ नका. आठ द्या: पहिली दोन त्याच्यासोबत बोलत बोलत, पुढची चार त्याने एकट्याने, शेवटची दोन गेल्या महिन्यातल्या धड्यातली. चूक समजुतीतच असेल तर पंचवीस वेळा गिरवून तीच पक्की होते.

आधी चूक कोणती ते शोधा. त्याला ३०२ − १४७ एवढं एकच घाला आणि गप्प बसा. बरोबर उत्तर १५५. चुकलं तर चुकलेलं उत्तरच कारण सांगेल.

२४५ आलं तर तो प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतोय, ७ मधून २, ४ मधून ० आणि ३ मधून १. वर कोण, खाली कोण, हे तो पाहतच नाही. २०५ आलं तर "शून्यातून काही जात नाही, म्हणून शून्य" अशी समजूत आहे. १६५ आलं तर तो बराच पुढे आहे. त्याने हातचा घेतला, पण शतकाचे दहा दशक केल्यावर त्यातला एक दशक एककाच्या घरात गेला, हे विसरला आणि दशकाच्या घरात ९ ऐवजी १० धरले. तीन वेगळ्या चुका, तीन वेगळे उपाय, आणि आपण तिघांनाही "लक्ष देत नाहीस" म्हणतो!

उपाय कागदावर होणार नाही, पैशांनी करा. शंभराच्या तीन नोटा, एक-एक रुपयाची दोन नाणी. सुट्ट्यासाठी बाजूला दहाच्या दहा नोटा आणि रुपयाची दहा नाणी. त्याला म्हणायचं, "यातून मला १४७ दे." दोन रुपयांतून सात देता येत नाहीत. दहाची नोट मोडावी, तर ती नाहीच. म्हणजे आधी शंभराची मोडावी लागते: दोन शंभराच्या, दहा दहाच्या. मग दहाची एक मोडायची: दहाच्या नऊ उरल्या, नाणी बारा. तो ९ कुठून आला, हे त्याला हातात दिसतं. शंभराची नोट थेट नाण्यांत मोडू देऊ नका, मधली पायरी गाळली की १६५ वालं लफडं तसंच राहतं. तीन दिवस नोटांनी, पुढचे तीन दिवस नोटा आणि वही दोन्ही, मग फक्त वही. मध्ये अडला तर नोटा परत काढायच्या, त्यात कमीपणा वाटू देऊ नका.

एक छोटी वही फक्त चुकांसाठी ठेवा. डाव्या पानावर चुकलेलं उदाहरण, उजव्या पानावर काय झालं ते त्याच्या शब्दांत एका ओळीत. तेच उदाहरण दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या, आठव्या आणि पंधराव्या दिवशी परत सोडवायचं. चारही वेळा जमलं की पानाची घडी घालून टाकायची. या घड्या मोजणं मुलांना मनापासून आवडतं. तुमच्या स्टारपेक्षा त्याची किंमत जास्त, कारण तिथे काहीतरी खरंच जमलेलं असतं.

बाराखडी

मराठी वाचनाबद्दल. लिपी एकच, म्हणून हिंदी येणाऱ्याला मराठी यायलाच हवं असं आपण धरून चालतो. पण पान उघडलं की तो हिंदी कानाने वाचतो आणि अर्थ भलतीकडे जातो. "आई" म्हणजे आली, "खाली" म्हणजे रिकामं, "शिक्षा" म्हणजे शिक्षण, "चेष्टा" म्हणजे प्रयत्न! अशा दोन-तीन शब्दांत गोष्ट कळेनाशी होते आणि पुस्तक मिटतं. याचाच खेळ करा: एकाच चिठ्ठीवर शब्द, मागे दोन खणांत दोन्ही भाषांतले अर्थ. आठवड्याला पाच शब्द पुरे.

उच्चारांत तीन ठिकाणी तो अडखळेल. ळ, मग "चमचा"तला च आणि "चिमणी"तला च यांतला फरक (तसाच "जग" आणि "जीव" यांतला ज), आणि "तऱ्हा"सारख्या शब्दांतला ऱ्ह. वाचताना दर वेळी टोकू नका, एका दिवशी यातली एकच गोष्ट घ्या.

पुस्तक निवडताना साधारण शंभर शब्दांचं पान त्याला वाचायला द्या. पाचापेक्षा जास्त शब्द अडले तर ते पुस्तक त्याने वाचायचं नाही, तुम्ही वाचून दाखवायचं. रोज दहा मिनिटं: एक परिच्छेद तुम्ही, एक त्याने. गोष्ट रंगात आली की थांबायचं, म्हणजे उद्या पुस्तक तोच आणेल. इंदुरातल्या सानंद या संस्थेची मराठी नाटकं शहरात होतात. मुलांना कळेल असं एखादं असेल तर जरूर न्या, कान तिथे तयार होतो.

अंकांबद्दलही सांगते. "सत्तेचाळीस" बोलताना सात आधी येतो, इंग्रजीत चाळीस आधी. ऐकून लिहिताना ४७ चे ७४ होत असतील तर तो गणिताचा दोष समजू नका. महिनाभर "चार दशक सात, सत्तेचाळीस" असं दोन्ही म्हणून लिहायला लावा.

लोकमान्यनगरची_आई

खूप आभार. ३०२ वालं आत्ताच घातलं, उत्तर २०५ आलं! दोन शंका. तो अडला की आजी लगेच उत्तर सांगून टाकतात, त्यांना कसं थांबवू? आणि पुढे दहावीचं काय?

पाटी_पेन्सिल

आजींना थांबवू नका, त्यांना विद्यार्थी करा. दिवसाच्या शेवटी पाच मिनिटं नातवाने आजीला आज शिकलेलं समजावायचं, नोटा मोडून दाखवायच्या. आजींनी फक्त "असं का रे?" एवढंच विचारायचं. समजावताना जिथे तो अडखळेल, तोच उद्याच्या ताटातला पहिला धडा. आणि तो अडला की सगळ्यांनी मनात तीसपर्यंत मोजायचं. तीस सेकंद फार लांब वाटतात, पण बरीचशी उत्तरं विसाच्या पुढे येतात. शाबासकीतही "हुशार आहेस" नको. "हातचा वर लिहिलास म्हणून चूक तुझी तुला सापडली" असं म्हणा, म्हणजे उद्या परत काय करायचं ते त्याला कळतं.

दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था म्हणजे एनआयओएस आहे. तिथे दहावीला बसायला १४ वर्षं पूर्ण लागतात, पाच विषय घ्यायचे असतात, भाषांमध्ये मराठीही आहे. परीक्षा वर्षातून दोनदा होतात आणि नोंदणी पाच वर्षं चालते, सगळे विषय एकदम द्यावे लागत नाहीत. तुमच्या हातात अजून पाच वर्षं आहेत.

गणिताचा_नाद_सुदामानगर

२०५ म्हणजे शून्याची समजूत, नोटांनी आठवड्यात सुटेल.

आणखी एक सुचवतो. एक काम पूर्ण त्याच्या मालकीचं, वर्षभर चालणारं द्या. गच्चीवर एक मीटरची सरळ काठी कुंडीतल्या वाळूत उभी करा, ओळंबा लावून तपासा. पायथ्यापासून सावली मोजताना वाळूची पातळी जमिनीशी एक हवी, त्यासाठी कुंडीऐवजी विटांमध्ये काठी पक्की केलीत तर उत्तमच. २२ डिसेंबरला दुपारी १२.१० ते १२.४० दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूची खूण करायची. सगळ्यात आखूड सावली मोजायची, इंदूरला ती साधारण १०४ सेंमी भरते. टोक दीड-दोन सेंमी धूसर दिसतं, त्या पट्ट्याच्या मध्यावर खूण करावी. २१ मार्चला तीच सावली ४२ सेंमीच्या आसपास येईल (तेव्हा १२.५० पर्यंत मोजा). आपण कर्कवृत्ताच्या जरा दक्षिणेला, त्यामुळे २१ जूनला भर दुपारी ती सेंमीभरच उरते आणि चक्क दक्षिणेकडे पडते. त्या दिवसांत ढग येतात, म्हणून मेअखेरपासून रोज मोजत राहायचं. हे आकडे त्याला आधी सांगू नका. त्याच्या वहीत ते त्याचे त्यालाच सापडू देत.