बेलापूर, फरक ३७७ : सोसायटीच्या ग्रुपवर विधानसभा निकालानंतरचा रविवार

२४ नोव्हेंबर २०२४, नेरुळ

सेक्रेटरी : सर्व सभासदांना विनंती. निकालाचे मीम, फॉरवर्ड आणि गुलालाचे व्हिडिओ इथे टाकू नयेत. हा ग्रुप पाणी, लिफ्ट आणि पार्किंगसाठी आहे 🙏

कुलकर्णी काका (ए-५०२) : मान्य. फक्त एक आकडा टाकतो, तो फॉरवर्ड नाही. आपला बेलापूर मतदारसंघ. मंदा म्हात्रे विजयी, संदीप नाईक पराभूत, फरक ३७७ मतांचा. आपल्या चार विंग मिळून मतदार किती असतील हो, सेक्रेटरी साहेब?

सेक्रेटरी : काका, माझ्याकडे मतदारांची यादी नसते. थकबाकीदारांची असते.

तुषार (सी-११०१) : ती पण ३७७ च्या आसपासच असेल 😂

जाधव वहिनी (बी-३०४) : बुधवारी मतदानाची सुट्टी, पुढे दोन दिवस रजा टाकली की थेट रविवारपर्यंत मोकळे. पार्किंग अर्धं रिकामं होतं. एरवी गाडी लावायला जागा नाही म्हणून रोज भांडणं!

तुषार : वहिनी, मी सकाळी सातलाच शाई लावून घेतली आणि मग निघालो. फोटो पण टाकला होता.

जाधव वहिनी : तुला नाही रे म्हटलं. ज्याला लागायचं त्याला लागलंय.

मगदूम (डी-७०१) : मीबी नव्हतो इथं. पण मतदानालाच गेलो होतो, गावाला. करवीर.

कुलकर्णी काका : घर इथे, मुलांची शाळा इथे, पितो मोरबे धरणाचं पाणी आणि मत करवीरला?

मगदूम : काका, ऊस तिथं, दूध गोकुळला, सातबारा तिथं. मंगळवारी रात्री नवी मुंबईतनं सातारा, सांगली, कोल्हापूरकडं किती गाड्या सुटल्या बघितलं असतं तर कळलं असतं. कुणी केल्या ते विचारू नका. करवीरला ८४ टक्क्यांच्या वर मतदान झालंय, आणि नरके निवडून आले ते दोन हजारांच्या आतल्या फरकानं. तिथं फोन नावानिशी येतो. "तू निघालास का, मागच्या वेळी आला नव्हतास." इथं मला कोण ओळखतंय?

कुलकर्णी काका : लिफ्टमधे रोज भेटता, ओळखत नाही कसं?

तुषार : पण काय फरक पडतो? सगळीकडे लाटच होती. भाजप १३२ + शिंदेंची शिवसेना ५७ + अजितदादांची राष्ट्रवादी ४१. लाडकी बहीण, विषय संपला.

जाधव वहिनी : सगळं बहिणींवर ढकलू नका. आमच्या पोळ्यांच्या मावशींचं नाव जालन्यात आहे. दिवाळीच्या आधीच नोव्हेंबरपर्यंतचे पैसे खात्यात आले, मोबाईलवरचा मेसेज मला दाखवायला आल्या होत्या. मत कुणाला ते नाही सांगितलं, मीही विचारलं नाही. पण गाडीभाडं गेलं तरी चालेल म्हणून दोन दिवस सुट्टी घेऊन गेल्या. आणि आपल्याकडे कित्येकांना पलीकडच्या शाळेपर्यंत जाववत नाही.

मेश्राम (ए-९०३) : लाट म्हणता न तुषारभाऊ, आमच्या गडचिरोलीत या जरा. पूर्ण जिल्ह्यात जागा तीनच. आरमोरी काँग्रेस, गडचिरोली भाजप, अहेरी अजितदादांची राष्ट्रवादी. तीन जागा, तीन पक्ष. अन् अहेरीत धर्मरावबाबा आत्रामांच्या समोर कोण उभं होतं? सख्खी पोरगी, शरद पवारांकडून. अन् पुतण्या अपक्ष. बाप निवडून आला.

देसाई काकू (बी-१०२) : आमच्या सिंधुदुर्गात पण तीनच. त्यातल्या दोन राणेंच्या सख्ख्या भावांकडे. कणकवली नितेश, भाजप. कुडाळ निलेश, शिंदेंची शिवसेना. घरात भांडण नको म्हणून दोन चुली 😄

तुषार : मग आपलं काय वेगळं? वडील गणेश नाईक ऐरोलीत कमळावर निवडून आले, मुलगा संदीप बेलापुरात शरद पवारांच्या तुतारीवर पडला.

मेश्राम : आमच्याकडं मात्र मतदान करणं म्हणजे काम असते जी. आतल्या भागात केंद्राची पार्टी हेलिकॉप्टरनं जाते. अन् मतदान दुपारी तीनलाच बंद, अंधारात पेट्या घेऊन कोण येईल? लोक जंगलातून चालत येतात तरी. अन् कुलाब्यात ४४-४५ टक्के. काय म्हणावं आता!

सेक्रेटरी : कृपया विषय आवरता घ्या. उद्या सकाळी १० ते २ टाकी साफसफाई, पाणी भरून ठेवावे.

कुलकर्णी काका : एवढंच लिहितो आणि थांबतो. २००९ च्या आधी ऐरोली-बेलापूर वेगळे नव्हतेच. पुनर्रचनेत जुना बेलापूर मतदारसंघ तुटला. तेव्हाच्या अख्ख्या ठाणे जिल्ह्याला, म्हणजे आजचं पालघर धरून, १३ जागा होत्या, त्या २४ झाल्या. आज ठाण्याला १८ आणि पालघरला ६. लोक इकडे येत गेले म्हणून जागा इकडे आल्या. आता गंमत बघा, माणसं मोजली इथे, मत मात्र अनेकांनी गावालाच ठेवलं. मगदूम, हे तुम्हाला टोचून नाही, आमच्या साताऱ्याच्या निम्म्या नातेवाइकांचं तेच आहे.
दुसरं, तुषार, ३७७ ला एकच कारण लावू नकोस. यंत्रावर तुतारी वाजवणारा माणूस होता, तसा दुसऱ्या एका उमेदवारापुढे साधा ट्रम्पेट पण होता. त्या ट्रम्पेटला ३७७ पेक्षा कितीतरी जास्त मतं पडली. त्यातली किती चुकून, हे कोणाचा बाप सांगू शकत नाही. शिवाय बंडखोर होते, मनसे होती, आणि रिकामं पार्किंग होतं. मालेगाव मध्यला तर फरक १६२ चा. साकोलीत काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष नाना पटोले २०८ नी वाचले.

तुषार : आणि राज्यात मतदान संध्याकाळी पाचला ५८.२२ टक्के होते ते शेवटी ६६.०५ कसे झाले काका?

कुलकर्णी काका : सहाच्या आत जो रांगेत उभा आहे त्याला मतदान करू देतात, पाचच्या आकड्यात तो नसतो. शिवाय तो आकडा फोनवरून घेतलेला, अंदाजे. आयोगाचं म्हणणं हेच आहे. तुझा विश्वास नसेल तर केंद्रावर प्रतिनिधींना १७-सी नावाचा फॉर्म मिळतो, त्यावर किती मतं पडली ते लिहिलेलं असतं. पक्षांनी तो लावून बघावा. ग्रुपवर ओरडून काय होणार?

जाधव वहिनी : बरं, नाव हलवायला काय लागतं? मगदूम भाऊजींसाठी विचारते.

कुलकर्णी काका : फॉर्म ८, ऑनलाइन होतो. दोन्हीकडे नाव ठेवता येत नाही, हे लक्षात असू द्या. महापालिकेची निवडणूक २०१५ नंतर झालेलीच नाही, २०२० पासून प्रशासक आहे. ती लागेल तेव्हा वॉर्डात फरक ३७ चा असेल.

मगदूम : नाव हलवलं तर आबा उंबऱ्यात घेणार न्हाईत काका. माझं राहू द्या तिथंच. मंडळींचं आणतो इथं.

जाधव वहिनी : आधी तिला विचारा की!

मगदूम वहिनी (डी-७०१) : मी जुलैतच केलंय. खाली गेटपाशी मतदार नोंदणीवाले टेबल टाकून बसले होते तेव्हा. बुधवारी मुलं उठायच्या आत मत देऊन पण आले.

तुषार : मगदूम दादा, कुणाला दिलं विचारा 😂

मगदूम वहिनी : विचारून बघा म्हणावं.