ठराव १३२५ : यानं नक्की झालं काय?

मेघना_लातूर
कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं ३१ ऑक्टोबर २००० रोजी १३२५ क्रमांकाचा ठराव मंजूर केला. शांततेच्या वाटाघाटींत बायकांना स्थान, युद्धात त्यांचं संरक्षण, शांतिसेनेत त्यांची भरती. हे सगळं सांगून झालं आणि शेवटच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, मग त्यानं झालं काय?" मला धड उत्तर देता आलं नाही, ते मनाला लागून राहिलंय. कुणी जवळून काही पाहिलं असेल तर सांगा.

जुनी_वर्दी
मेघनाताई, मी सीआरपीएफमधून निवृत्त झाले. पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात होते. जानेवारी २००७ मध्ये आपली पहिली तुकडी तिथल्या राजधानीत, मन्रोव्हियाला गेली. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतली ती पहिलीच सर्व-महिला पोलीस तुकडी. मी नंतरच्या एका खेपेत गेले.

आमचं मुख्य काम रात्रीच्या गस्तीचं. तिथल्या बहुतेक पोलिसांकडे हत्यार नसायचं, म्हणून त्यांच्या सोबतीला आम्ही. बऱ्याच वस्त्यांत वीज नव्हती, गाडीचे दिवे मालवले की समोरचं दार दिसायचं नाही. एका रात्री एक बाई उंबऱ्यावर बसलेली, ओठ फुटलेला. स्थानिक हवालदारानं तीनदा विचारलं, ती गप्प. आमची एक कॉन्स्टेबल हेल्मेट काढून तिच्या शेजारी टेकली आणि काही न विचारता नुसती बसून राहिली. पंधरा-वीस मिनिटांनी बाई बोलायला लागली. त्यांची इंग्रजी आम्हाला निम्मीच कळायची. आणि तक्रार लिहून घ्यायची तिथल्या पोलिसांनीच. त्या ठाण्यात बाई एकही नव्हती. आमचं काम दारापर्यंतच, हे त्या रात्री मला पुरतं कळलं.

म्हणून मला सगळ्यात मोलाची वाटते ती तिथल्या पोलिसांतली बायकांची भरती. पोलिसात यायला हायस्कूल पास असणं गरजेचं, आणि चौदा वर्षांच्या यादवीत मुलींच्या शाळा सुटलेल्या. मग निकष खाली न आणता इच्छुक बायकांसाठी हायस्कूल पूर्ण करायचे जलद वर्ग काढले. २००७ साली तिथल्या सुरक्षा यंत्रणेत बायका सुमारे ६ टक्के होत्या, २०१६ मध्ये आपली तुकडी परतली तेव्हा १७ टक्के. श्रेय एकट्या आमचं नाही, पण वर्दीतल्या बाया रोज रस्त्यावर दिसत होत्या, त्याचा वाटा आहे.

सीमेवरून
दुसरी बाजूही वर्गात सांगा. नेपाळनं २०११ साली या ठरावासाठी राष्ट्रीय कृती आराखडा, म्हणजे ठराव देशात कसा राबवायचा त्याची योजना, केला. तरी तिथल्या माओवादी संघर्षातल्या मृतांच्या आणि बेपत्ता झालेल्यांच्या कुटुंबांना अंतरिम मदत मिळाली, बलात्कार सोसलेल्या बायकांना त्या यादीत जागाच नव्हती. त्यात बलात्काराची तक्रार ३५ दिवसांच्या आत करायची, असा तेव्हाचा कायदा. युद्ध चालू असताना कोणती बाई कोणत्या ठाण्यात जाणार होती? आणि भारतानं तर असा आराखडाच केलेला नाही. याचा मला राग येतो.

मेघना_लातूर
दोघांचे मनापासून आभार. ताई, फोनवरून वर्गाशी बोलाल का?

जुनी_वर्दी
हो, शनिवारी दुपारी चालेल. ती शेवटच्या बाकावरची मुलगी मात्र हजर हवी.