मदत हवी आहे: लाइकच्या नादात एजन्सीत कच्चं काम दाखवणंच बंद झालंय

मंडळी, प्रश्न वेब डिझाइनवाल्यांसाठी आहे, पण कामाच्या पोस्टी टाकाव्या लागणाऱ्या कुणीही उत्तर दिलं तरी चालेल.

आमची नऊ जणांची एजन्सी. डिझाइनचं मी बघते, हाताखाली तिघं. सहा महिन्यांपासून फर्मान आहे: प्रत्येकाने आठवड्याला दोन पोस्ट. सोमवारची मीटिंगच कुठल्या पोस्टला किती लाइक पडले इथून सुरू होते. मला सोशल मीडियाचं वावडं नाही. माझी पहिली नोकरी बिहान्सवर (डिझायनर आपली कामं मांडतात ती साइट) टाकलेल्या कामांच्या जोरावरच लागली होती. तेव्हा 'सगळं बंद करा' एवढं उत्तर नको.

दुखणं वेगळंच आहे. आमच्या स्लॅकवर (ऑफिसातल्या मेसेजचं ॲप) 'कच्चं' नावाचं चॅनेल आहे. पूर्वी तिथे काय वाट्टेल ते पडायचं. कागदावरच्या रेघोट्यांचे फोटो, फसलेले मेनू, "हे का जमत नाहीये, सांगा रे कुणीतरी" असले मेसेज. आता येतं ते इस्त्री केलेलं काम. बॉस खाली आगीचा इमोजी टाकतात, बाकीचे त्याच इमोजीवर बोट दाबतात, विषय संपला. आग लागल्यावर चूक कोण काढणार?

मागच्या महिन्यातलं सांगते. आमच्या ज्युनिअरने डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटचं पान केलं. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं, भरपूर मोकळी जागा, प्रत्येक डॉक्टरचं नाव आखूड, एका ओळीत बसणारं. इन्स्टाच्या उभ्या चौकटीत ते इतकं देखणं दिसलं की आमच्या अकाउंटवरचे आजवरचे सगळ्यात जास्त लाइक पडले. मग डेव्हलपरने फिग्मातली (आम्ही डिझाइन करतो ते सॉफ्टवेअर) फाइल उघडली आणि एवढंच विचारलं, "नाव दोन ओळींत गेलं तर बटण कुठे जाणार?" सगळे गप्प. एकही वेळ शिल्लक नसेल तेव्हा काय दिसणार, ते पान केलेलंच नव्हतं. कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, मोजला तर २.३ : १. साध्या मजकुराला किमान ४.५ : १ हवा, हे आम्हीच नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात घोकून घेतो. आणि त्या दिवशी आग मीही टाकली होती. फाइल न उघडता.

वर साइट सुरू व्हायच्या आधीच ती पोस्ट क्लायंटच्या नजरेस पडली. फोनवर काय ऐकावं लागलं ते लिहीत नाही.

गंमत म्हणजे ड्रिबल, डिझायनरांची काम दाखवायची साइट, २००९ मध्ये सुरू झालं ते 'सध्या कशावर काम करताय?' या प्रश्नाने. चित्र टाकायचं ४०० बाय ३०० पिक्सेलचं, म्हणजे चालू कामाचा चिमूटभर तुकडा. त्याची बघता बघता शोकेस झाली. आमच्या चॅनेलचं तेच झालंय, फक्त प्रेक्षक नऊच.

तर विचारायचं हे की डिझायनरचा वेळ न खाता एजन्सीचं अकाउंट चालतं ठेवायला तुमच्याकडे काय करतात? आणि एकदा बुजलेल्या माणसांना कच्चं काम पुन्हा दाखवायला कसं लावायचं?

प्रतिसाद १

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. साइट लाइव्ह झाल्याशिवाय पोस्ट नाही. काम दाखवायची परवानगी आणि कधीपासून दाखवायचं, हे करारातच लिहून घ्या, नंतर तोंडी मागत बसू नका. पोस्टसाठी नवं काही रंगवायचं नाही. आमच्याकडे महिन्यातून एक दुपार एकच जण बसतो, फिग्माच्या व्हर्जन हिस्टरीतून जुने टप्पे काढतो आणि सुरुवातीचा गोंधळ ते शेवटचं पान असा कॅरोसेल (एकामागून एक सरकवून बघायची चित्रं) लावतो. लाइक कमी पडतात, पण खाली प्रश्न येतात. प्रश्न विचारणाऱ्यांतलेच एक-दोघे पुढे कामाचं बोलतात. तुमच्या बॉसना लाइकऐवजी तो आकडा दाखवा.

प्रतिसाद २

मी ज्युनिअरच्या बाजूने बोलतो. तुम्हाला नाव आहे, आम्हाला फक्त पोस्ट आहे. पुढची नोकरी देणारा माणूस आमचं बटण दोन ओळींत कुठे गेलं ते बघत नाही, चित्र बघतो. तेव्हा पोस्ट काढून घेऊ नका. आणि कच्चं काम हवं असेल तर आधी तुमचं टाका. सिनिअरचं फसलेलं पान मी दोन वर्षांत एकदाही पाहिलेलं नाही.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दुसरा प्रतिसाद चांगलाच झोंबला. चॅनेल मागे सरकवत गेले, माझं शेवटचं कच्चं काम सापडलं ते चौदा महिन्यांपूर्वीचं.

काल चालू कामातला फिल्टर (यादी गाळायचा भाग) चॅनेलवर टाकला. तीन वेळा केलाय, तिन्ही वेळा मोबाइलवर फसलाय. सोबत लिहिलं, "इमोजी नको, एक वाक्य लिहा." तासभर शुकशुकाट. मग ज्युनिअरने लिहिलं, "तिसऱ्यात 'लागू करा' हे बटण कीबोर्डखाली जातंय." बरोबर होतं. ते मला दिसलंच नव्हतं. पाठोपाठ डेव्हलपरने कागदावर रेघा मारून फोटो टाकला, दोन ओळी वाकड्या, पण उपाय त्यातच होता.

कराराचं कलम या आठवड्यात घालून घेते. महिन्यातून एक दुपार हे बॉसना पटलंय. लाइकचा तक्ता मात्र सोडवत नाहीये त्यांना.

आता एकच अडलंय. 'इमोजी नको' हे सगळ्यांनी पाळलं, बॉस सोडून. माझ्या फसलेल्या फिल्टरखालीही आग आहेच. त्यांना हे कसं सांगायचं, कुणाला सुचतंय का?