मदत हवी आहे: वेन्तिमील्या, एक दिवस, सोबत गुडघेदुखीवाली आई

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरमध्ये नीसला मुक्काम आहे. तिथून रेल्वेने सीमा ओलांडून इटलीतल्या वेन्तिमील्याला एक दिवस जायचा विचार आहे. 1860 मध्ये नीस फ्रान्सकडे गेलं आणि वेन्तिमील्या सीमेवरचं गाव झालं.

जुनं गाव रोया नदीपलीकडे टेकडीवर आहे. तिथलं कॅथेड्रल आणि सान मिकेलेचं चर्च मला बघायचंच आहे. सान मिकेलेत रोमन रस्त्यावरचे मैलाचे दगड पुन्हा वापरलेत म्हणे! आपल्याकडे नाही का, जुन्या देवळाचा कोरीव दगड विहिरीच्या काठाला बसवलेला दिसतो, तसंच. पण आईचं वय 72. स्टेशनपासून वर चढ किती आहे? टॅक्सी थेट कॅथेड्रलपर्यंत जाते का?

दुसरा पेच हॅनबरी बागेचा. शांघायमध्ये चहा-रेशमाच्या व्यापारात कमावून थॉमस हॅनबरीने 1867 मध्ये वेन्तिमील्याजवळ ला मोर्तोला इथे ही जागा घेतली. बाग उतरत उतरत समुद्रापर्यंत जाते आणि खाली चक्क रोमन रस्ता लागतो. उतरू हो, पण परत चढायचं कसं? आईला वरच्याच भागात बसवलं तर तिला काही बघायला मिळेल का?

शुक्रवारी मोठा बाजार भरतो. मला गर्दीचा कंटाळा, आईला बाजाराचं वेड. गुरुवारी जावं की शुक्रवारी?

शिवाय परतताना फ्रेंच पोलीस गाडीत कागद तपासतात, म्हणून पासपोर्ट बरोबर ठेवणारच आहे. कोणी अलीकडे जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा.