चौथ्या पिढीच्या मशीनवर विंडोज ११ टाकावं का?

प्रश्न (सीताबर्डी, नागपूर): सहा डेस्कटॉप आहेत. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय३-४१३० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, जुनी हार्ड डिस्क. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. हिशेबासाठी टॅली लागतं. उन्हाळ्यात दुपारी मशीन आपोआप बंद पडतात.

उत्तर १: भाऊ, विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) अन् इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. रुफस (विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह बनवणारं सॉफ्टवेअर) वापरून ही तपासणी चुकवता येते, पण पुढचं मोठं अपडेट दरवेळी हातानं टाकावं लागतं. त्या नादी लागू नका. आधी जुन्या हार्ड डिस्कच्या जागी २४० जीबी साटा एसएसडी (वेगवान डिस्क) टाका, रॅम ८ जीबी करा. रॅमची पट्टी डेस्कटॉपची डीडीआर३च घ्या. डीडीआर४ची खाच वेगळ्या जागी असते, बसतच नाही.

उत्तर २: बंद पडणं विंडोजमुळे नाही, प्रोसेसर तापतो म्हणून. हीटसिंक (प्रोसेसरवरचा उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा) काढा, ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरा, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी लावा. आणि खोलीतल्या पाण्याच्या कूलरचा झोत कॅबिनेटवर नको! ओलाव्यानं धूळ लिंपल्यासारखी चिकटते.

उत्तर ३: टॅलीला विंडोज लागतं, म्हणून त्यासाठी एकच नवं मशीन घ्या. बाकीच्यांवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) टाका. जुन्या फॉन्टमधल्या मराठी फायली मात्र आधी युनिकोडमध्ये (सगळ्या मशीनवर चालणाऱ्या अक्षर-पद्धतीत) बदला, नाहीतर अक्षरांऐवजी चिन्हं दिसतील.