कपाळावर दाब, कानशिलाला सैल: हेल्मेटचा साईज चुकलाय की आकार?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. फुल फेस हेल्मेट आहे, आयएसआयचं, साईज एल, आत ५८० मिमी छापलंय. टेपने डोक्याचा घेर ५८ सेमी भरतो, म्हणजे हिशेबाने बरोबर. तरी अर्ध्या तासात कपाळाच्या मधोमध रग लागते, काढल्यावर लाल वळ दिसतो. कानशिलांपाशी मात्र बोट सहज आत जातं आणि ऐंशीच्या पुढे हेल्मेट वर उचलल्यासारखं होतं. दुकानदार म्हणतो, वापरून सैल होईल. चष्मा आहे. रोजचं कराड-सातारा आणि अधूनमधून लांबचा पल्ला. बजेट पाच हजार. एक्सएल घ्यावं का? बायकोसाठीही एक बघायचंय. मागे बसते, केसांचा अंबाडा असतो, कुठलंच नीट बसत नाही.

टॉप_गिअर:
एक्सएल घ्या, विषय संपला. गाल सैल वाटले तर आतून जाडसा रुमाल बांधायचा. निम्मा महाराष्ट्र तसाच फिरतो.

घाटवाट:
फिरतो खरा, आणि पडल्यावर हेल्मेट एकीकडे, माणूस एकीकडे असतो तोही त्यातलाच. रुमाल अस्तरावर घसरतो राव.

कृष्णाकाठ, तुम्ही लक्षणं इतकी नेमकी लिहिलीत की उत्तर त्यातच आहे. टेप घेर सांगते, आकार सांगत नाही. ५८ सेमीच्या दोरीचा गोल करा नाहीतर लंबगोल, दोरी तेवढीच राहते. डोकी ढोबळमानाने तीन प्रकारची: पुढून-मागे लांबट, मधली आणि गोलसर. हेल्मेटच्या आतली पोकळीही तशीच. तुमचं डोकं लांबट आणि हेल्मेट गोलसर, म्हणून कपाळ टेकतं आणि बाजू रिकाम्या राहतात. उलट असतं तर कानांच्या वर ठणकलं असतं आणि कपाळापाशी फट दिसली असती. सगळीकडून सारखाच आवळत असेल तरच साईज लहान म्हणायचा.

खात्री करायची तर केस ओले करून चापून बसवा आणि घरातल्या कुणाला तरी बरोबर वरून डोक्याचा फोटो काढायला सांगा. आकार लगेच कळतो.

आता एक्सएलचं गणित. ५८० चं ६०० झालं की घेर २० मिमीने वाढला. पण घेर वाढतो म्हणजे पोकळीची लांबी आणि रुंदी प्रत्येकी सहा-साडेसहा मिमीनेच वाढते. कपाळाला त्यातले तीनएक मिमी मिळणार, ते कदाचित पुरतीलही. पण आधीच सैल असलेल्या दोन्ही बाजू आणखी तेवढ्याच सैल होणार. शिवाय नवं अस्तर पहिल्या पंधरा-वीस तासांच्या वापरात बसतं ते वेगळंच. आज ऐंशीला उचललं जातंय, ते मग साठलाच उचललं जाईल.

'वापरून सैल होईल' हे अर्धं खरं. सैल होतो तो गालांचा पॅड आणि अस्तरातला मऊ स्पंज. त्यामागचा थर्माकोल, म्हणजे ईपीएस, होत नाही. अंगठ्याने कपाळापाशी दाबून बघा. बऱ्याच हेल्मेटांत तिथे पाच-सहा मिमी स्पंज असतो, मग कडक लागतं. रग त्या कडक भागाची असेल तर वर्षभर घातलं तरी तीच राहणार.

आणि कृपा करून चमच्याने किंवा वाटीच्या बुडाने थर्माकोल दाबून 'जागा' करू नका. व्हिडिओंत दाखवतात. ईपीएस एकदा दबला की परत फुगत नाही. धडकेत त्याने एकदाच चेपायचं आणि धक्का खायचा, एवढंच त्याचं काम. ते तुम्ही घरी बसून उरकून टाकता, तेही नेमकं कपाळावर.

टॉप_गिअर:
बरं, रुमाल मागे घेतला. पण मग लांबट आकाराचं हेल्मेट ओळखायचं कसं? डब्यावर तर कुणीच लिहीत नाही.

सुट्टेभाग:
आपल्याकडच्या या किमतीच्या डब्यावर आकार सापडणं कठीणच. जपानच्या अराईने लांबट डोक्यांसाठी सिग्नेट म्हणून वेगळं मॉडेल काढलं, पण ते या बजेटच्या कैक पट पुढे. त्यामुळे घालून बघणे हाच मार्ग. फक्त नीट घालून बघावं, आरशात रंग बघायला दोन मिनिटं नव्हे.

आधी माप. शिंप्याची कापडी टेप, भुवयांच्या वर साधारण एक इंच, कानांच्या वरून, मागे जिथे डोकं सगळ्यात फुगीर आहे तिथून. तीनदा घ्या, सगळ्यात मोठा आकडा धरा. मग एल-एक्सएल विसरा आणि मिमीचा आकडा वाचा. एका कंपनीचा एल ५८० असतो, दुसरीचा ६००. अक्षर बघून घेतलेलं हेल्मेट हमखास चुकतं.

घालताना दोन्ही पट्टे बाहेरच्या बाजूला ताणून धरायचे, कपाळाकडून मागे सरकवायचं. पहिल्यांदा कानावरून जाताना थोडं अडलंच पाहिजे. लोण्यासारखं शिरलं तर ते तुमचं नाही. बसल्यावर वरची कड भुवयांच्या वर बोटभर. टाळूला टेकलेलं हवं. टाळू रिकामी राहत असेल तर हेल्मेट गालांवर अडकलंय, डोक्यावर बसलेलंच नाही. गाल थोडे वर ढकलले गेले पाहिजेत. नव्या हेल्मेटमध्ये बोलताना आतून गाल चावला जातो, ते चांगलं लक्षण समजा. हनुवटी किंवा नाक पुढच्या कमानीला लागता कामा नये.

मग हलवून बघायचं. हनुवटीची कमान धरून डावी-उजवीकडे फिरवा. हेल्मेटबरोबर गालांची आणि कपाळाची कातडी ओढली गेली पाहिजे. कातडी जागेवर आणि हेल्मेट फिरलं तर मोठं आहे. शेवटची परीक्षा सगळ्यात महत्त्वाची: बक्कल लावा, मान खाली घाला आणि दुसऱ्या कुणाला तरी मागच्या कडेत बोटं घालून वर-पुढे ओढायला सांगा. डोळ्यांवर येऊन डोक्यावरून निसटलं तर परत ठेवा, कितीही आवडलेलं असो. हायवेला तुमचं उचललं जातं त्यामागे हाच सैलपणा असावा. पीकवालं, म्हणजे कपाळावर टोपीसारखा पुढे आलेला छज्जा असलेलं मॉडेल असेल तर वारा त्याला आणखी उचलतो.

हे सगळं पास झालं की तसंच घालून दुकानात वीस-पंचवीस मिनिटं बसा. दुकानदार कुरकुरतो, कुरकुरू दे. काढल्यावर लगेच आरसा. कपाळभर फिकट गुलाबी छाप चालतो. एका जागी रुपयाएवढा लालभडक डाग असेल तर नाही.

पट्ट्याबद्दल एक. क्लिकवालं बक्कल सोयीचं, पण त्याची मूळ लांबी एकदा आपल्या हनुवटीला जुळवून घ्यावी लागते आणि ते फारसं कुणी करत नाही. हनुवटीखाली दोन बोटं जेमतेम जावीत, तोंड उघडलं की हेल्मेट टाळूवर ओढलं जावं. न बांधलेलं हेल्मेट कायद्यानेही हेल्मेट नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये ते पट्ट्याने डोक्याला घट्ट बांधलेलं असावं असंच लिहिलंय. १९४-डी खाली दंड १००० रुपये आणि तीन महिने लायसन्स निलंबन, आणि नियम मागे बसणाऱ्यालाही लागू आहे. पुण्यात यावर जे वाद होतात ते इथे नकोत.

शिक्का नुसता बघू नका, वाचा. आयएसआयच्या खुणेवर आयएस ४१५१ आणि खाली सीएम/एल पुढे लायसन्स नंबर असतो. बीआयएस केअर ॲपमध्ये तो नंबर टाकला की कंपनीचं नाव आणि लायसन्स चालू आहे का ते दिसतं. १ जून २०२१ पासून आयएसआयशिवाय दुचाकीची हेल्मेटं बनवायला आणि विकायला बंदी आहे, तरी रस्त्याकडेला दोन-तीनशेत जी मिळतात त्यांच्यावर शिक्का असतोच. नंबर टाकला की उघडी पडतात.

मीनल_एस:
वहिनींच्या हेल्मेटबद्दल लिहिते, कारण यावर कुणी बोलत नाही.

अंबाड्यावर हेल्मेट बसणार नाही, ही हेल्मेटची चूक नाही. अंबाडा मागच्या फुगवट्यावर असला की हेल्मेट पुढे झुकतं, कड डोळ्यांवर येते, मग बाई ते मागे ढकलते आणि कपाळ उघडं पडतं. केस मानेच्या खळग्यात, हेल्मेटच्या कडेच्या खाली बांधायचे. सैल वेणी सगळ्यात चांगली, ती जॅकेटच्या आत घातली की वाऱ्याने गुंताही होत नाही. क्लचर अजिबात नको. तो कवटी आणि थर्माकोल यांच्यामध्ये येतो आणि धडकेत त्याचे दात कुठे जातील ते सांगायला नको. लग्नसराईत गजराही कडेच्या खालीच.

माप वेणी घालूनच घ्या आणि डोक्याला स्कार्फ बांधायची सवय असेल तर स्कार्फसकट. जाड स्कार्फने अख्खा एक साईज बदलू शकतो. त्यापेक्षा पातळ सुती बालाक्लावा, म्हणजे डोकं आणि मान झाकणारी टोपी घ्या, घामही तोच शोषतो आणि धुवायला तोच काढायचा.

बायकांची डोकी बऱ्याचदा ५४ ते ५६ सेमीत बसतात आणि दुकानात समोर मांडलेलं असतं ते ५८०-६००. 'बसतंय की ताई' म्हणून तेच गळ्यात मारतात. ५४० किंवा ५६० मागून घ्या. अजून एक पाहा: स्वस्त मॉडेलमध्ये सगळ्या साईजना एकच कवच असतं, आत फक्त थर्माकोल किंवा पॅड जाड करतात. त्यामुळे लहान साईजसुद्धा तेवढंच अवाढव्य आणि जवळपास तेवढंच जड. दोन-तीन कवचांत बनणारं मॉडेल मिळालं तर मागे बसणाऱ्या माणसाची मान वाचते. पुढच्याच्या खांद्यावरून येणारा वारा त्या मानेला सतत हलवत असतो. आणि 'मागेच तर बसायचंय' म्हणून टोपीछाप हाफ हेल्मेट घेऊ नका, जबडा पुढच्याच्या हेल्मेटच्या मागच्या बाजूवरच आपटतो.

चष्म्याचं: काड्या सरळ आणि बारीक तारेच्या असतील तर निम्मा त्रास कमी. जाड प्लास्टिकच्या काड्या कानाच्या वर रुतून वीस मिनिटांत डोकं धरतं. चष्मा हेल्मेट घातल्यावर चढवायचा आणि हेल्मेट काढण्याआधी काढायचा. काही पॅडना त्यासाठी खाच असते, बोट घालून तपासा. दुकानात चष्म्यासकट वीस मिनिटं बसा, नाहीतर ती परीक्षा अर्धीच झाली.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. फोटो काढला, डोकं चांगलंच लांबट निघालं. नवीन बघेनच, पण तोवर सध्याच्याला काही करता येईल का? अस्तर बटणांवर निघतं.

घाटवाट:
निघतं ना, मग थोडं करता येईल. अस्तर काढून बघा, कपाळाच्या पट्टीत स्पंजचे बहुधा दोन थर शिवलेले असतात. शिवण उसवून एक थर काढला तर दोन-तीन मिमी मिळतात. तो आरामाचा स्पंज आहे, धक्का खाणारा भाग नाही, म्हणून हे चालतं. काढलेल्या थराच्या पट्ट्या करून अस्तराच्या आत दोन्ही कानशिलांपाशी घाला, दोरा मारून शिवा. काहीही चिकटवू नका. चप्पल चिकटवायचं सोल्युशन थर्माकोल विरघळवतं. वरून काही दिसत नाही आणि आत खड्डा पडलेला असतो. त्याच कारणाने कवचावर पेट्रोल किंवा थिनरचा बोळाही नको, पॉलिकार्बोनेट ठिसूळ होतं.

मूळ कंपनीकडे जाड गाल-पॅड मिळतात का विचारा. काही मॉडेलना मिळतात, जोडी बदलायला पाच मिनिटं. पण गालाच्या पॅडने कानशिलाची फट भरत नाही, फक्त उचललं जाणं कमी होईल. त्यामुळे वर सांगितलेली मागून ओढायची परीक्षा हे सगळं केल्यावर परत करा. निसटलं तर ते हेल्मेट हायवेला नेऊ नका.

टॉप_गिअर:
अस्तर काढलंच आहे तर धुऊनही टाका. कोमट पाणी, थोडा शाम्पू, दाबून पाणी काढायचं, पिळायचं नाही, सावलीत पंख्याखाली. खोबरेल लावून रोज घालणाऱ्यांचा स्पंज लवकर चिप्प बसतो आणि मग फिटिंग बिघडतं. आणि आरशावर लटकवू नका, आरशाचा कोपरा आतून थर्माकोलात खळगा पाडतो.

सुट्टेभाग:
नवीन ऑनलाईन मागवणार असाल तर एक: काचेवरची संरक्षक फिल्म आणि टॅग तसेच ठेवून, वर लिहिलेल्या सगळ्या परीक्षा घरातच करा. फिल्म काढलेलं किंवा केसांचं तेल लागलेलं हेल्मेट बरेच विक्रेते परत घेत नाहीत. म्हणून केस धुतलेल्या दिवशीच डबा उघडा. आणि आतल्या लेबलवर कधी बनलंय ते बघा. दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला माल सवलतीत खपवतात. साधारण पाच वर्षांनी हेल्मेट बदलायचं धरलं तर निम्मं आयुष्य तिथेच गेलेलं असतं.